म्हसकर चाळीतलं गाऱ्हाणं

डिलाईल रोडच्या म्हसकर चाळीत बाईमाणसानं सभेला खाली बसू नये, असा काही नियम नव्हता. नियम असता तर एव्हाना कोणीतरी मोडला असता. ती पद्धत होती, आणि पद्धत मोडायची तर आधी ती आहे हे कोणाच्या तरी ध्यानात यावं लागतं. सभा असली की पुरुष पटांगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसत आणि बायका तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून, कठड्याला टेकून, वाटाणे सोलता सोलता ऐकत. मत घरटी एक. ते अर्थातच खाली.

कांता नेरुरकर दुसऱ्या मजल्यावरची. लग्न होऊन आल्यापासून तिनं अशा सभा वरूनच पाहिलेल्या, त्यामुळे चाळीतल्या पुरुषांची टकलं तिला त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीची होती. पण येत्या रविवारच्या सभेनं मात्र तिची झोप उडवली होती. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहणार होता, आणि नव्या जागेच्या करारात कोणाचं नाव घालायचं ते ह्या सभेत ठरणार होतं. चाळ कमिटीचा अध्यक्ष रमाकांत पालव, त्याचा ठराव तयार होता. भाडेपावती ज्याच्या नावावर, करार त्याच्या एकट्याच्या नावावर. सरळ नि सुटसुटीत.

कांताच्या खोलीची पावती नवऱ्याच्या, मनोहरच्या नावावर होती. आणि मनोहर नालासोपाऱ्याला दुसरा संसार थाटून बसल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून कांताच्या तोंडून 'अहो' गेलं, 'हे' गेलं. विषय निघालाच तर ती त्याला नुसतं 'नालासोपारा' म्हणे. "नालासोपाऱ्याचा फोन आला होता." गणपतीत फोन आला तो असा, की नवी जागा मिळाली की तो विकणार, गिऱ्हाईकही बघून ठेवलंय, तेव्हा तिनं आपली सोय बघावी. कांता परळच्या एका हॉस्पिटलात आया. तिच्या पगारात सोय बघायची तर विरारच्याही पलीकडे बघावी लागली असती, मग सकाळची ड्युटीही गेली असती आणि बारावीतल्या सुरुचीचं कॉलेजही. खोली गेली की दोघी मायलेकी रस्त्यावर, एवढा हा साधा हिशेब होता.

अशात ती पोरं चाळीत शिरली. एका पक्षाच्या युवक आघाडीची. पक्ष कुठला ते विचारू नका. नाव काढलं की निम्मी मंडळी इथेच उठून जातील आणि उरलेली निम्मी उगाच टाळ्या वाजवतील. पोरांनी जे केलं त्यात पक्षाचा वाटा म्हणाल तर एक बॅनर, तोही मागल्या निवडणुकीचा. चार-पाच जणं होती, सगळी नोकरी नाहीतर कॉलेज सांभाळून येणारी. त्यांची पुढारी अक्षदा, पहिल्या मजल्यावरच्या तात्या गावड्यांची नात. लोअर परळच्या एका काचेच्या ऑफिसात दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि संध्याकाळी येऊन चाळीतल्या बायकांच्या ऐकायची. हिच्या कानांना सुट्टी म्हणून नव्हती. तिच्या जोडीला सौमित्र, दादरचा, वकिलीचं शिकणारा. बोलणं इतकं शुद्ध, की त्याच्यासमोर आपण आंघोळ न करता आलोय असं वाटावं.

पोरांची मागणी एका ओळीची होती. ज्या खोलीत बाई राहते, त्या खोलीच्या करारात नवऱ्याच्या नावाबरोबर तिचंही नाव लागलं पाहिजे. मग तिच्या सहीशिवाय घर कोणाला विकता येणार नाही.

पहिल्या दिवशी सौमित्रनं एक दार वाजवलं आणि उघडणाऱ्या बाईला हात जोडून म्हणाला, "नमस्कार काकू. मालमत्तेतील स्त्रियांच्या सहहक्काविषयी थोडं बोलायचं होतं."

'मालमत्ता' एवढा एकच शब्द त्या बाईच्या कानात शिरला. "साहेब घरात नाहीत," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटांत चाळभर झालं, की महापालिकेचा माणूस टॅक्सच्या वसुलीला आलाय. तिन्ही मजल्यांची दारं धडाधड लागली. सौमित्र रिकाम्या गॅलरीत पत्रकं घेऊन उभा राहिला आणि आपलं काय चुकलं ते त्या बिचाऱ्याला कळेना.

दुसरा कोणी असता तर पुन्हा तोंड दाखवलं नसतं. हा दुसऱ्या दिवशी आला, गॅलरीत कोलंबी सोलत बसलेल्या बायकांमध्ये मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मलाही शिकवा." जिथे मासळीचा वासही चालत नव्हता अशा घरातलं पोरगं. पहिली कोलंबी त्याच्या हातून दोनदा निसटली. बायका हसून हसून आडव्या झाल्या. पण हसता हसता बोलूही लागल्या.

"काकू, ह्या घराच्या कुठल्या कागदावर तुमचं नाव आहे?" त्यानं कांताला विचारलं.

"रेशन कार्डावर."

"आणि लाइट बिल?"

"ते सासऱ्यांच्या नावावर. ते वारले त्याला जमाना झाला, तरी बिल त्यांनाच येतं." कांता थांबली. हातातली कोलंबी तशीच राहिली. "म्हणजे बघा हां. मेलेला सासरा चालतो, जितीजागती सून चालत नाही."

हे वाक्य त्या दिवशी तिन्ही मजले फिरलं. लोकांना वाटलं अक्षदानं शिकवलं. तिनं काही शिकवलं नव्हतं, ते कांताचं स्वतःचं होतं, आणि ते आपल्याला सुचलं ह्याचं कांतालाच नवल वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिनं अक्षदाला नालासोपाऱ्याची सगळी हकिगत सांगितली. आजवर ज्यांना सांगितली त्यांनी 'अगं बाई' म्हटलं होतं, नशिबाला बोल लावला होता, एकदोघींनी मुलीचं लग्न उरकून टाकायचा सल्ला दिला होता. अक्षदानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे कांतामावशी, आपल्याला रविवारपर्यंत वेळ आहे."

आपल्याला, म्हणाली. कांता त्या शब्दाशी बराच वेळ अडून राहिली. गेली चार वर्षं तिच्याशी सगळे 'तुला'मध्ये बोलत होते. तुला काय वाटतं, तुला जमेल का, तुझं कसं होणार. ह्या पोरीनं एका शब्दात तिची अडचण वाटून घेतली होती. कांताला तिचं फार कौतुक वाटलं, आणि थोडी काळजीही, कारण पोरगी अजून हरली नव्हती कधी.

हरायला सुरुवात शनिवारी झाली. पोरांनी संध्याकाळी पटांगणात घोषणा द्यायचं ठरवलं. अक्षदा मूठ उंचावून ओरडली, "कोण म्हणतं देणार नाही?" ह्यावर काय म्हणायचं असतं ते अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण गॅलरीतून कोणी तोंड उघडलं नाही. सासरे, दीर, नवरे खाली उभे असताना मूठ वर करून ओरडायचं म्हणजे काय खायचं काम आहे? तिनं पुन्हा ओरडून पाहिलं. वरून फक्त कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. कांताचीही मूठ वळली होती, पण ती पदराखालीच राहिली.

रमाकांतकडे पोरांनी सभेत बोलायला वेळ मागितला होता. तो नाही म्हणाला नाही. नाही म्हणेल तर तो रमाकांत कसला. "बोला की! तुम्ही तरुण पिढी. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आहेत ना, त्यात घेऊ." म्हसकर चाळीत आजवर एकही सभा त्या विषयापर्यंत पोहोचली नव्हती. त्याच्या आधी वडापाव यायचे.

रविवार उजाडला. खुर्च्या मांडल्या गेल्या. बिल्डरचा माणूस येऊन पहिल्या रांगेत बसला. त्याच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून मनोहर बसला. वरून कांतानं त्याचं टक्कल ओळखलं, ते चार वर्षांत चांगलंच वाढलं होतं. त्यानं मान वर करून पाहिलं नाही.

चाळीतली निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं कुडाळकडच्या एकाच गावची. म्हणून पटांगणाच्या कोपऱ्यात रवळनाथाची घुमटी होती, आणि कुठलंही काम त्याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नसे. एकानं हातात नारळ घेऊन देवाला साकडं घालायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग नारळ फोडायचा. गाऱ्हाणं घालायचा मान तात्या गावड्यांचा. पण तात्यांचा घसा गुरुवारपासून बसला होता, तो रविवारी पुरता गेला. त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

"दुसरं कोण घालतंय?" रमाकांतनं विचारलं.

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. सगळ्यांना गाऱ्हाण्यातलं पाठ होतं ते एवढंच, 'व्हय म्हाराजा'. त्याच्या अलीकडचं काम आजवर तात्याच करत आले होते.

"मी घालते," अक्षदा म्हणाली. "मला येतं. आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलंय."

"बायल माणूस गाऱ्हाणा घालता?" मागून दगडू म्हणाला. तो जुना गिरणीवाला, देवाधर्माला भिऊन असणारा.

रमाकांत क्षणभर घुटमळला. पण बिल्डरचा माणूस घड्याळ बघत होता, आणि रमाकांतला पुढल्या वर्षी नगरसेवकाचं तिकीट हवं होतं. त्याचा चेहरा एकदम उजळला. "घालू दे रे दगडू! आपण महिलांना मान देतो ते दिसू दे जरा. ए, फोटो काढ रे कोणीतरी!"

फोटो निघाला. त्यात रमाकांत हसतोय.

अक्षदा घुमटीसमोर उभी राहिली. नारळ दोन्ही हातांत धरला. पुरुष उठले, कोणी दोन हात जोडले, ज्यांच्या एका हातात मोबाइल होता त्यांनी उरलेला हात छातीशी धरला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरा हयसर जमली हत, तेंच्यावर तुझी नजर आसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज लहान, पण चाल अगदी तात्यांची. तोच हेल, तीच वाक्याच्या शेवटाला दिलेली ओढ. खुर्चीत बसलेल्या तात्यांचे डोळे पाणावले. खालच्या पुरुषांना ती चाल अंगवळणी पडलेली. वाक्य कुठे संपतं ते त्यांच्या कानांना कळायचं, त्यात काय म्हटलंय ते कळायची गरज नव्हती.

"जी लेकरा परमुलखात हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गिरणी बंद पडली तेव्हा ज्या आयाबायांनी खानावळी घालून ही घरा जगवल्यानी, तेंका तुझो आशीर्वाद आसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कांतानं कठडा घट्ट धरला. हे तात्यांच्या गाऱ्हाण्यात नव्हतं.

"आता ही चाळ पडतली, नवी उभी रवतली. त्या नव्या घरार घोवाच्या नावाबरोबर बायलेचाय नाव लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुरुष एका सुरात गरजले. आता त्यांचा चांगला सूर लागला होता.

"आणि जो कोण तेका आडवो येत, तेका काय ता तूच बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एकेकाचे हात खाली येऊ लागले, आणि हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडू लागला. वरच्या मजल्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं.

रमाकांतनं घसा खाकरला. "बरं. आता ठरावाकडे वळू."

"काका, ठराव तर आत्ताच झाला," सौमित्र नम्रपणे म्हणाला. "एकमुखानं."

"अरे, ते गाऱ्हाणं होतं! सवयीनं म्हणतात माणसं! तात्या, तुम्हीच सांगा, सवयीचं 'व्हय' कधी धरतात काय?"

तात्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी आधी देवाकडे बोट केलं, मग स्वतःचे दोन्ही कान पकडले. देवाला दिलेला 'व्हय' फिरवायचा नसतो, एवढा अर्थ चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळला असता.

"रमाकांता," दगडू पुढे आला. पोराच्या काळजीनं त्याचा चेहरा पडला होता. "शेवटच्या वाक्याकय आपण व्हय म्हटलंव. बघून घे म्हणान. माझो झील दुबयक आसा. माका खयचो धोको नको. माझ्या खोलयेर हिचा नाव घाल."

दगडूनं बांध फोडला. एकामागून एक पुरुष माना डोलावू लागले. कोणाला देवाची भीती, कोणाला वरून बघणाऱ्या बायकोची, आणि दोघातिघांना तर, खरं सांगायचं तर, ते मनापासून पटलंच होतं, पहिलं कोण बोलतं एवढ्यासाठीच ते खोळंबले होते.

"मला मान्य नाय." मनोहर पुढे झाला. "माझ्या बापाची खोली आहे. मी आपलं सगळे म्हणाले म्हणून म्हटलं."

रमाकांतनं ते वाक्य वरच्या वर झेललं. "झालं तर! पावतीवर नसलेलं नाव घालायचं तर बिल्डरला एकमताचा ठराव लागतो. एकाचा जरी विरोध असला तरी तुमचं 'बायलेचं नाव' बाद. मग माझाच ठराव घेऊ."

अक्षदानं मान वर केली आणि दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं.

कांताला नंतर आठवलं नाही, की ती जिना कधी उतरली. एवढंच आठवलं की जिन्यात तिला कोणी अडवलं नाही आणि खुर्च्या आपोआप बाजूला सरकत गेल्या. ती पोरीजवळ आली, नारळ घ्यायला हात पुढे केले, तेव्हा तिला कळलं की अक्षदाचे हात लटलट कापताहेत. मघापासून कापत असणार. लांबून ते दिसलं नव्हतं. ही एवढीशी पोर भीत भीत हे सगळं करत होती आणि तरी करत होती. आपण इतकी वर्षं धीट माणसाला भीती वाटत नसते असं समजून वर उभ्या राहिलो, असं तिच्या मनात आलं.

तिनं नारळ घेतला आणि मनोहरसमोर धरला.

"अहो," ती म्हणाली. चार वर्षांनी तो शब्द तोंडात परका वाटला. "ह्याच्यावर हात ठेवा आणि देवाला सांगा, कांता त्या खोलीत राहत नाही म्हणून. एवढंच सांगा. मी उद्या भांडी बांधते."

"असं कसं सांगणार?" मनोहर म्हणाला. "म्हणजे... राहतेस तू. ते कोण नाय म्हणतंय? पण..."

त्याच्या 'पण'साठी ती थांबली नाही. घुमटीकडे वळली. गाऱ्हाणं तिनं जन्मात कधी घातलं नव्हतं, चालही जमली नाही. आवाज चिरकला.

"त्या खोलयेत मी रवतंय रे म्हाराजा!"

खाली कोणी बोललं नाही. पुरुष ह्या खेपेला सावध होते. रमाकांतनं तर ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"व्हय म्हाराजा!"

आवाज वरून आला. पहिल्या मजल्यावरून, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्यावरून, एकदम. ज्यांनी शनिवारी तोंडातून शब्द काढला नव्हता त्या सगळ्या कठड्यावरून वाकून ओरडत होत्या. घोषणा त्यांना परक्या होत्या, हे मात्र माहेरचं होतं. लहानपणापासून त्यांनी ते ऐकलं होतं, फक्त म्हणायची वेळ आजवर त्यांच्यावर कोणी आणली नव्हती. खालचे पुरुष माना मोडेस्तोवर वर बघत राहिले.

"माझा लेकरू थयच वाढला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्यात सुरुचीचा आवाज कांताला वेगळा ऐकू आला.

ती पुन्हा मनोहरकडे वळली. नारळ पुढे केला. त्याचा हात वर आला, नारळापासून बोटभर अंतरावर थांबला, आणि खाली गेला.

"व्हय," तो म्हणाला.

"कोणाचं नाव?"

"तुझा नि माझा."

"मोठ्यानं सांगा. हे लिहून घेताहेत."

सौमित्र खरंच लिहून घेत होता, त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. मनोहरनं मोठ्यानं सांगितलं. बिल्डरच्या माणसानंही ऐकलं.

मग नारळ फोडायचा राहिला होता. तात्यांनी पायरीच्या दगडाकडे बोट केलं. रमाकांत सवयीनं पुढे सरसावला आणि नारळ मागायला हात पसरला. बाईनं नारळ फोडायचा नसतो, असं मागून कोणीतरी म्हणालं, पण तोवर कांताच्या बोटांतून पाणी वाहत होतं.